इतर तक्रारी

माझ्या आईचा फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्यावर चिडले आहे त्यांची यादी मोठी आहे, आणि त्या यादीतून मी स्वतःला वगळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

तेव्हा मी जुन्नरकडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दर हिवाळ्यात कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर कुठल्यातरी गावात भरायचं. त्या वर्षी ते घाटघरच्या अलीकडे, आमच्याच गावात भरलं. मुलंमुली शाळेच्या खोल्यांत राहायची, सकाळी ओढ्यावर बंधारा घालायची, दुपारी व्याख्यानं ऐकत पेंगायची. शेवटच्या दिवशी आरोग्य तपासणी होती. एका संस्थेची एक्स-रेची गाडी येणार होती. 'फुप्फुसाच्या कॅन्सरची मोफत तपासणी' असं बॅनरवर लिहिलं होतं आणि शेजारी जळत्या सिगारेटचं चित्र. आमच्याकडे सिगारेट कोण ओढतो? बिडी ओढतात. आणि ओढतात ते पुरुष.

मी गावचीच, म्हणून शिबिराच्या सरांनी मला पहिल्या टेबलावर बसवलं. "तुला यांची भाषा येते," ते म्हणाले. मला अभिमान वाटला होता, हेही सांगायला हवं.

फॉर्म दोन पानी होता. नाव, वय, वजन, उंची. मग ठळक अक्षरांत: धूम्रपान करता का? होय, नाही. किती वर्षं, दिवसाला किती. 'होय' आलं की हिरवी चिठ्ठी, माणूस गाडीकडे. 'नाही' आलं की पिवळी चिठ्ठी, माणूस व्हरांड्यात. तिथे रक्तवाढीच्या गोळ्या आणि पालेभाजी खायचा सल्ला मिळायचा. दुसऱ्या पानावर अगदी खाली एक ओळ होती, 'इतर तक्रारी'. तिच्यापुढे चार बोटं जागा. ती ओळ पुढे कोणी वाचतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

दुपारी आई-बाबा आले. बाबांचं पटकन झालं. कळतं तेव्हापासून बिडी, दिवसाला एक कट्टा. हिरवी चिठ्ठी. त्यांच्यामागे आई.

"बिडी, सिगारेट?" मी विचारलं.

आई हसली. "तुला म्हाईत न्हाई व्हय गं?"

"विचारावं लागतं, आये. फॉर्म आहे."

"न्हाई वढत. ल्ही."

मी 'नाही'वर खूण केली. "अजून काही?"

"ह्यो खोकला. जातच न्हाई मेला. आन् हितं पाठीत भरून येतं."

मी लिहिलं: खोकला, पाठदुखी. पिवळी चिठ्ठी फाडली आणि तिच्या हातात दिली. मागे रांग होती. आई व्हरांड्यात गेली, गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली आणि एक्स-रेच्या गाडीपाशी, बाबांचं होईपर्यंत, उन्हात उभी राहिली. गाडीच्या पायरीपासून चार पावलांवर. मधूनमधून पदर तोंडाला लावून खोकत होती. मला टेबलावरून ते दिसत होतं.

आठ दिवसांनी बाबांचा एक्स-रेचा फोटो आला. मोठं खाकी पाकीट. फुप्फुसं स्वच्छ. बाबांनी ते पाकीट खुंटीला अडकवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवायला लागले. "बगा, तीस वर्सं वढतोय, काय बी न्हाई."

आमच्या सैपाकघराला खिडकी नव्हती. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्याची लाकडं सुकायला ठेवलेली असायची आणि कौलांच्या आतली बाजू डांबर फासल्यासारखी काळी. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्या धुरात होती. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचे, पाला-शेण पेटवून जमीन भाजून काढायची, तेव्हाही धुराच्या बाजूला तीच. गॅस होता. पाहुण्यांच्या चहाला होता. सिलिंडर संपला की खालच्या गावातून आणायचा, आणि आणणार कोण, कधी, या घोळात तो महिनोन्‌महिने जपून वापरला जायचा. शिवाय संध्याकाळी बाबा चुलीपुढे बसून बिडी ओढायचे. हे सगळं मला माहीत होतं. फॉर्मवर ते विचारलेलं नव्हतं.

खोकला वाढत गेला. आधी जवळच्या दवाखान्यातलं औषध झालं. मग बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, "तंबाखू, बिडी काही?" आई नाही म्हणाली. त्यांचं पेन तिथे थांबलं. ॲलर्जी आहे म्हणाले, धुळीत जाऊ नका. भातझोडणीच्या, नाचणीच्या घरातल्या बाईला धुळीत जाऊ नका! मग थुंकी तपासली, टीबी नाही निघाला. टीबी नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं आणि पुढचं कोणी काही विचारलंच नाही. आणखी एका डॉक्टरांनी पाठदुखीला वेगळं मलम दिलं. खोकला वेगळा, पाठ वेगळी. बाई एकच होती, पण तिचे तुकडे करून बघायचं ठरलेलं होतं.

होळीनंतर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एक दिवस तिने रुमालात थुंकलेलं रक्त ताईनं बघितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर नारायणगावच्या पुढे, कळंबला. ती माहेरी आली होती. तिने कोणाला विचारलं नाही, दाजींना फोन करून गाडी बोलावली आणि आईला सरळ कळंबला घेऊन गेली. पहिला फोटो तिथे निघाला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलेलं. मग पुणे, सीटी, सुई घालून काढलेला तुकडा, आणि पंधरा दिवसांनी एका थंडगार खोलीत डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि तो पाठीच्या हाडात गेला आहे. मलम लावत होतो ती जागा.

त्यांनीही विचारलं, "धूम्रपान?"

आई थकली होती. म्हणाली, "किती येळा सांगू डाक्टर? लिवून घ्या न् गळ्यात बांदा माझ्या."

हे डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं की न ओढणाऱ्या बायकांनाही हा होतो, बऱ्याच जणींना होतो. आईच्या गाठीची आणखी एक तपासणी करून त्यांनी गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी ती उठून बसली. ते वर्ष आम्हाला मिळालं ते त्यांच्यामुळे, हे मी विसरत नाही.

पण गाव. गावात बातमी पोचली आणि बायका बोलायला लागल्या. बिडी न ओढता असला रोग कसा होईल? चोरून ओढत असेल. रानात गेल्यावर कोण बघतंय? आमच्या शेजारच्या काकूंनी तर ताईकडे कळंबला राहिलेल्या आईला भेटायला येऊन, केळी हातात देऊन, हळूच विचारलं, "आता तरी खरं सांग गं, वढायचीस का?" काकू गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझ्या तोंडाला कदी वास आलाय का गं बिडीचा?" मी बाहेर पळाले आणि रस्त्यावर जाऊन मोठमोठ्याने रडले. ट्रक जात होते, कोणाला ऐकू गेलं नाही.

कॉलेज सुरू झालं. सरांनी बोलावलं. पुढच्या शिबिराची तयारी, आणि त्याआधी व्यसनमुक्तीची फेरी, तू घोषणा द्यायच्या. मी म्हटलं, सर, आधी फॉर्म बदलायचा. त्यांना कळेना. मी आईचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग म्हणाले, "पण अगं, फॉर्म वरून येतो."

"वरून म्हणजे कुठून, सर?"

त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीची फाइल काढली, वरचं पत्र शोधायला. पत्र काही सापडलं नाही. मी फाइल चाळत बसले आणि आईचा फॉर्म हाताला आला. माझं अक्षर. खोकला, पाठदुखी. त्याच्यावर कोणाची सही नव्हती, खूण नव्हती, पेनाचा ठिपकासुद्धा नव्हता. कोणी ते पान उलटलंच नव्हतं. मी फॉर्म सरांपुढे टेबलावर आपटला. आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तरांपुढे काहीतरी आपटलं. "वाचा," मी म्हटलं. "आता तरी वाचा."

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत नारायणगावच्या एका छापखान्याचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि वर्गातल्या दोन मुली एसटीने तिथे गेलो. मालक म्हातारे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर. त्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, "ह्ये मॅटर तुमच्याच कॉलेजातनं आल्यालं. चार-पाच वर्सं झाली. दरसाल फोन येतो, तेच छापा म्हणून. आमी छापतो."

"वरून नाही आलं?"

"वरून कुटनं? तुमच्याच एका सरांनी हितं बसून लिवून दिलं व्हतं."

मी तिथेच बाकावर बसले. इतके दिवस मला वाटत होतं की कुठेतरी पुण्या-मुंबईत मोठ्या लोकांनी विचार करून ते दोन रकाने ठरवले असतील. कोणीच काही ठरवलं नव्हतं. एका माणसाने एकदा घाईत लिहिलं आणि बाकीच्यांनी 'तेच छापा' म्हटलं. माझ्या आईची पिवळी चिठ्ठी अशी तयार झाली होती.

नवा फॉर्म आम्ही तिघींनी लिहिला. चुलीवर किती वर्षं, सैपाकघराला खिडकी आहे का, घरात कोणी बिडी ओढतं का. आणि सगळ्यांत वर: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? वजन कमी? थुंकीत रक्त? तो घेऊन मी कळंबकडच्या एका डॉक्टर बाईंकडे गेले; मधल्या काळात त्याच आईला बघायच्या. मला वाटलं त्या पाठ थोपटतील. त्यांनी लाल पेन काढलं.

"तू 'प्रत्येक चूलवालीचा एक्स-रे' असं लिहिलंयस, ते खोड," त्या म्हणाल्या. "साध्या एक्स-रेत लहान गाठ दिसत नाही. फोटो चांगला आला की बाई निर्धास्त होते, आणि ते जास्त धोक्याचं. तुझ्या वडिलांनी पाकीट खुंटीला लावलंय ना, तसं. खरी तपासणी सीटीने होते, आणि तीही अजून ओढणाऱ्यांसाठीच सांगितलेली आहे. चुलीच्या धुराने धोका वाढतो हे खरं, पण सगळ्या बायकांचं सीटी काढा असं मी आज सांगू शकत नाही."

"मग मी काय मागू?" मी ओरडलेच.

"ओरडू नकोस. तुझी आई धडधाकट असती आणि तिला गाडीत घेतलं नसतं, तर तो वेगळा प्रश्न होता. ती खोकत होती. खोकणाऱ्या माणसाची तपासणी करायची ती शिबिराची मेहेरबानी नसते. तो आजाराचा शोध आहे आणि तो तिचा हक्क आहे. तू तेवढंच माग. पण ते सोडू नकोस. आणि फोटोत काही दिसो न दिसो, खोकला राहिला तर पुढे कुठे जायचं ते चिठ्ठीवर लिही, आणि सोबत कोण जाणार तेही."

मी रागारागात फॉर्म परत लिहिला. पण त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मला कोणावर चिडायचं ते नीट कळलं.

पुढचं शिबिर आणे गावात होतं, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पठारावर. सरांनी नवा फॉर्म मान्य केला होता. गाडी तीच, संस्थेची. सकाळी आम्ही बसलो आणि पहिल्या तासातच खोकणाऱ्या सात बायका निघाल्या. सगळ्यांना मी हिरवी चिठ्ठी दिली. गाडीतल्या माणसाने सगळ्यांना परत पाठवलं.

"या ओढत नाहीत, ताई. आम्हाला ओढणाऱ्यांचा आकडा द्यायचा असतो."

"या खोकताहेत."

"असतील. आमच्या यादीत बसत नाहीत."

मी टेबलावर परत आले आणि पेनाला टोपण लावलं. बाकीच्या मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही लावलं. फॉर्म भरले गेले नाहीत तर गाडीत एकही माणूस जाणार नव्हता आणि त्यांचा आकडाही होणार नव्हता. सर धावत आले. "काय चाललंय राव हे? बाहेरची माणसं आलीत." मी म्हटलं, "सर, मागच्या वर्षीही आली होती." त्यांनी बाजूला जाऊन संस्थेत कोणाला तरी फोन लावला. तासभर काहीच हललं नाही. रांगेतले पुरुष कुरकुरायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "पोरी लई शान्या झाल्यात." त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्याच सुनेने खोकत-खोकत सांगितलं, "मामा, गप बसा जरा."

शेवटी गाडीतल्या माणसाला वरून, म्हणजे खऱ्या वरून, फोन आला. सातही जणींचे फोटो निघाले. एकीच्या फोटोत डाग दिसला. तिच्यासोबत मी स्वतः गेले. तिला टीबी निघाला. औषधं झाली, आज ती बाई शेतात काम करते. बाकीच्या सहा जणींच्या हातात पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. चौघी गेल्या, दोघी नाही.

काही दिवसांनी सर म्हणाले, चांगल्या मनानेच म्हणाले, "बघ, एवढं केलंस. कॅन्सर तर एकीलाही नाही निघाला."

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. नंतर मी माफी मागितली, पण ती बोलण्याच्या पद्धतीबद्दल होती.

आईला मी सगळं सांगायचे. कळंबला ओट्यावर बसून ती ऐकायची. गोळ्यांनी तिच्या तोंडावर पुरळ आलं होतं, पण भूक लागायची. आण्याची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "त्या बायकांचा काडला, बरं झालं. माझा का न्हाई काडला मग?" तक्रार म्हणून नाही, खरंच विचारत होती.

उन्हाळ्यात गोळ्यांचा गुण संपला. दुसऱ्या गोळ्या, मग सलाइन. गणपती उठल्यावर चार दिवसांनी आई गेली.

आमच्याकडे दहाव्याला घाटावर प्रवचन होतं आणि मग माइकवर भाषणं. ज्यांनी तिला कधी बघितलं नाही असे दोन-तीन पुढारी येऊन बोलले. एक जण म्हणाला, "दुर्धर आजारानं माउलीला आपल्यातून नेलं. नियतीची इच्छा, आपण काय करणार?" लोकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि माइक मागितला. आमच्याकडे दहाव्याला पोरी बोलत नाहीत. सूत्रसंचालकाने इकडे-तिकडे बघितलं, पण माइक दिला.

"नियतीची इच्छा नव्हती," मी म्हटलं. "आई गाडीच्या दारात उभी राहून खोकत होती. गाडीत बाबांचा फोटो काढला. तिला मी परत पाठवलं, कारण ती बिडी ओढत नव्हती. तिने कधी बिडीला हात लावला नाही. ज्यांनी ती चोरून ओढते असं म्हटलं, त्यांनी आज इथं जेवायच्या आधी ते खोटं होतं असं मनात तरी म्हणा. आणि ज्या बायकांना खोकला आहे त्यांनी घरी बसू नका. ओढत नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर जाऊ नका. तिथंच बसून राहा."

मी खाली बसले. कोणी टाळ्या वाजवत नाही तिथे, वाजवूही नयेत. शेजारच्या काकू पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. बाबा नदीकडे बघत होते. घरी जाताना वाटेत ते थांबले आणि म्हणाले, "माजा फोटू काडला त्या दिशी मीच म्हनायला पायजे व्हतं, हिचा बी काडा. पुडंच उबी व्हती." मी म्हटलं, "मीही म्हणायला पाहिजे होतं." बाबांनी बिडी सोडली नाही. घरात ओढत नाहीत, गोठ्यामागे जातात. त्याबद्दल मी त्यांच्याशी अजून भांडते.

दहाव्यानंतरच्या आठवड्यात चार बायका आमच्या दारात आल्या. त्यात काकूही होत्या. "पोरी, खोकला हाय," एवढंच म्हणाल्या. पिकअप ठरवून मी त्यांना खाली एका दवाखान्यात नेलं. मशीन बंद होतं, सोमवारी या म्हणाले. सोमवारी परत गेलो. मशीन चालू होतं, चालवणारा रजेवर होता. परत कधी येऊ, असं काकूंनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. खिडकीतल्या माणसाला सांगितलं की आज फोटो निघाल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही. तो म्हणाला, "ताई, असं चालत नाही." मी म्हटलं, "आम्ही भाकरी आणल्यात."

काकूंनी फडकं सोडलं. नाचणीची भाकरी आणि ठेचा होता. आम्ही पाच जणी दवाखान्याच्या दाराशी बसून जेवलो. दीड वाजता कुठून तरी मशीन चालवणारा माणूस आला आणि त्याने पहिलं नाव पुकारलं.